गाडी भाड्याची, खोली आपली



उरणहून बोलतोय. आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. सुकी मासळी, आगरी-कोळी मसाला आणि तांदळाचे पापड हा आमचा धंदा. पण आज मसाल्याची कृती सांगणार नाही. आज सांगायचंय आम्ही बांधून घेतलेल्या एका खोलीबद्दल. ही खोली टेम्पोवर चढते आणि टेम्पोवरून उतरते. बाजाराला निघालो की ती बरोबर नेतो. पोचलो की ती चार पायांवर उभी करतो. टेम्पो रिकामा घरी परत जातो आणि आम्ही तिथंच विकतो, तिथंच झोपतो.

हसू येतंय ना? आमच्या गटातल्या सगळ्यात वडील मावशींनाही आलं होतं. "अगो पोरींनो, घर पाठीवर घेऊन फिराला आपुन काय गोगलगाय हाव का?" असं त्या म्हणाल्या होत्या. आता बाजाराची तारीख ठरली की पहिलं नाव त्यांचंच असतं.

खोली का लागली, ते आधी ऐका.

करंजा, मोरा इथल्या बायका पिढ्यानपिढ्या सुके बोंबील, जवळा, सोडे घेऊन लांबच्या बाजारांना जात आल्यात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, म्हणून आतल्या गावांतली माणसं त्याआधी सुक्या मासळीची बेगमी करतात. घरी बसून हा माल खपत नाही. जत्रा, आठवडा बाजार, बचत गटांची प्रदर्शनं असं फिरावं लागतं. मुंबईचं महालक्ष्मी सरस असतं, मुरबाड तालुक्यातली पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा असते. एकेका ठिकाणी तीन-चार दिवस राहायचं म्हणजे रात्रीचा प्रश्न आलाच.

सुक्या बोंबलांच्या गोण्या घेऊन लॉजवर गेलं तर खोली कोण देणार? माल मांडवात सोडून बायकांनी दुसरीकडे झोपायला जायचं तर मालावर लक्ष कोण ठेवणार? म्हणून आम्ही टेबलाखाली, ताडपत्री ओढून झोपायचो. एका जत्रेत मध्यरात्री अवकाळी पाऊस आला आणि १८ किलो जवळा भिजला. त्याच रात्री कुणीतरी ताडपत्री उचलून आत डोकावलं. आमच्या दोघी ओरडल्या तेव्हा ते माणूस पळालं.

भिजलेल्या जवळ्याचे पैसे आम्ही नुकसान म्हणून वहीत लिहिले. ताडपत्रीची गोष्ट लिहायला वहीत रकाना नव्हता. पण खरं नुकसान तेच झालं. त्यानंतर अकरा जणींपैकी मुक्कामाला जायला चौघीच तयार राहिल्या. लहान मुलांच्या आयांना घरून नाही म्हणाले, आणि त्यांनाही मनातून भीती वाटत होतीच. विक्री निम्म्यावर आली.

मग गटाच्या बैठकीत टेम्पो घेण्याची गोष्ट निघाली. एका ताईंच्या नात्यातले एक जण मदतीला पुढे आले. गाडी त्यांच्या नावावर घ्यायची, हप्ता गटानं भरायचा, चालवणार ते. माणूस वाईट नव्हता. पण आम्ही विचार केला. आमच्यात एकीलाही गाडी चालवण्याचा परवाना नाही. गाडी आली की तिच्याबरोबर चालवणारा येतो, आणि वर्षभरानं गाडी कुणाची हे विचारायचीसुद्धा चोरी होते. आमच्या भागात जमिनीचे पैसे आले तेव्हा किती घरांपुढे डंपर उभे राहिले, हे आम्ही पाहिलंय. काम होतं तोवर ठीक चाललं. काम थांबलं तरी हप्ता थांबला नाही, आणि गाडी ओढून नेली. विमा, टायर, दुरुस्ती, चालकाचा पगार, हे सगळं आम्हाला महिन्यातून सहा दिवस लागणाऱ्या गाडीसाठी करायचं होतं.

त्या बैठकीत बाहेरच्या रस्त्यावरून नेहमीसारखे ट्रेलर चालले होते. उरणमध्ये राहणाऱ्याला कंटेनर नवा नाही. न्हावा-शेव्याचं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, तेव्हापासून आम्ही डबे बघतोय. आमच्या एका ताईंचे यजमान बंदरात लॅशिंगचं काम करतात, म्हणजे जहाजावरचे डबे जखडायचं. त्या सहज म्हणाल्या, "डबा कुठं गाडीचा असतो? आज या ट्रेलरवर, उद्या त्या ट्रेलरवर. आपण गाडी कशाला घ्यायची? डबाच करू."

कंटेनरची सुरुवातही अशाच विचारातून झाली. माल्कम मॅक्लीन नावाचे अमेरिकेतले एक ट्रकवाहतुकीचे व्यावसायिक होते. पूर्वी ट्रकमधला माल एकेक पोतं, एकेक पेटी करून जहाजात चढवावा लागे. मॅक्लीन यांनी चाकं आणि माल यांची फारकत केली. चाकं खाली राहतील, डबाच उचलून जहाजावर जाईल. २६ एप्रिल १९५६ ला त्यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. आज आपल्या रस्त्यावर दिसणारा प्रत्येक डबा त्याच चालीचा आहे. त्याच्या कोपऱ्यांना भोकं असतात, ट्रेलरवर तिथंच कुलपासारखे खटके बसतात. खटके उघडले की डबा मोकळा. अमेरिकेत हौशी प्रवासी छोट्या ट्रकच्या हौद्यात बसणारी अशीच राहायची खोली नेतात, मुक्कामाला ती पायांवर उतरवतात आणि ट्रक घेऊन गावात फिरतात. कल्पना आमची नाही, हे आम्ही मोकळेपणानं सांगतो. आम्ही ती आमच्या कामाला लावली इतकंच.

आता खोली कशी केली ते सांगतो. कुणाला करायची असेल तर वही घ्या.

पहिलं काम वजनाचं. आम्हाला नेहमी भाड्यानं मिळतो तो छोटा हत्ती. गाडीच्या आरसी बुकात दोन वजनं लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि मालासकट जास्तीत जास्त. दोन्हींची वजाबाकी केली की गाडी किती उचलू शकते ते कळतं. आमच्या टेम्पोची वजाबाकी ७५० किलोच्या आसपास आली. यात खोली, माल आणि माणसं सगळं बसवायचं होतं. फॅब्रिकेशनवाल्या दादांनी पहिला हिशेब जाड अँगल आणि जाड प्लायवूडचा दिला. तो साडेचारशे किलोच्या पुढे गेला. एवढी जड खोली केली तर माल काय डोक्यावर नेणार? मग सांगाडा एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा केला, फक्त तळाला जाड पाइप. बाहेरून रंगीत पत्रा, आतून पीव्हीसीची पट्टी, मध्ये उष्णता अडवायला थर्माकोल. तळाला १२ मिलिमीटरचं प्लायवूड. तयार झाल्यावर वजनकाट्यावर आधी रिकामा टेम्पो चढवला, मग खोलीसकट. फरक आला २८० किलो. माल ३०० किलोच्या वर भरायचा नाही, हे आम्ही खोलीच्या दारावर रंगानं लिहून ठेवलंय, कारण जत्रेला निघताना सगळ्यांनाच एक गोणी जास्त न्यावीशी वाटते.

दुसरं काम मापाचं. हौदा सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद. खोली ७ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद केली. आत उभं राहता येईल इतकी उंच. फाळक्याच्या आत बसते, मागे-बाजूला कुठंही बाहेर येत नाही.

तिसरं काम पायांचं, आणि इथं आमची चूक झाली होती. पाय हौद्याच्या बाहेरून जमिनीवर टेकायला हवेत, म्हणजे टेम्पो त्यांच्यामधून पुढे निघून जाईल. आम्ही दोन पायांत पाच फुटांचं अंतर धरलं होतं. बरं झालं, लोखंड कापण्याआधी आम्ही अंगणात खोलीचा आराखडा रांगोळीनं काढला आणि चार पायांच्या जागी चार बांबू रोवले. टेम्पोवाल्या दादांना म्हटलं, मागे घ्या. त्यांनी पहिल्याच फेरीला एक बांबू आडवा केला. खोली वर असती तर? अंतर वाढवून सहा फूट केलं. मग दादांनी तीन वेळा टेम्पो आतबाहेर केला, एकही बांबू हलला नाही. तेव्हाच वेल्डिंगला सुरुवात केली. मैत्रिणींनो, कागदावरचं माप बरोबर वाटतं. रांगोळी आणि बांबूचा खर्च काही नाही, पण तेवढ्यानं आमची खोली वाचली.

खोलीच्या चार कोपऱ्यांना, फाळक्याच्या वरच्या उंचीवर, पाइपात पाइप सरकणारे हात आहेत. उतरवायच्या वेळी ते बाहेर ओढायचे, आरपार खिळा घालायचा आणि त्यांना पाय लावायचे. प्रत्येक पायाला हातानं फिरवायचा स्क्रू जॅक आहे. चौघी चार कोपऱ्यांवर उभ्या राहतो आणि मावशी मोजतात. प्रत्येकीनं दहा फेरे फिरवायचे, थांबायचं, मग पुढचे दहा. एक कोपरा घाईनं वर गेला तर खोली कलते. आणखी एक गोष्ट आम्हाला करताना कळली. खोलीचं वजन उतरलं की टेम्पोच्या पाट्याही वर उठतात. त्यामुळे वाटतं त्यापेक्षा दोन-तीन बोटं जास्त उचलावं लागतं. मागचा फाळका पाडून ठेवायचा, खोली हौद्यापासून सुटली की टेम्पो सावकाश पुढे काढायचा.

टेम्पो निघाला की लगेच खोलीखाली दोन लोखंडी घोडे सरकवतो आणि खोली त्यांच्यावर टेकवतो. जॅक उचलण्यासाठी आहे, रात्रभर पेलण्यासाठी नाही. एका बाजारात पावसानं मऊ झालेल्या जमिनीत एक पाय चार बोटं रुतला होता. तेव्हापासून प्रत्येक पायाखाली फूटभर लांब-रुंद जाड फळी असते. आणि उचलताना-उतरवताना खोलीखाली कुणी जायचं नाही. चप्पल आत गेली तरी नाही, पोर आत गेलं तर जॅक थांबवायचा.

चौथं काम बांधणीचं. सुंभ किंवा नायलॉनची दोरी चालत नाही. चार कोपऱ्यांना साखळी आणि टर्नबकल, वरून दोन लॅशिंगचे पट्टे. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचं, कारण धक्क्यांनी सगळं सैल होतं. जड गोण्या तळाला आणि केबिनच्या बाजूला. उंच खोलीला वारा लागतो. अटल सेतूवरून मुंबईला गेलो तेव्हा ते चांगलंच कळलं. तो पूल जवळजवळ २२ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. दादांनी वेग कमी ठेवला आणि एका कडेची लेन सोडली नाही.

आता नियमाचं. गाडीत कायमचा बदल करायचा तर परवानगी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ त्याबद्दलच आहे. आमची खोली गाडीला वेल्डिंगनं जोडलेली नाही, ती माल म्हणून चढते आणि मालासारखी उतरते. तरी पहिल्या खेपेआधी आम्ही फोटो आणि मापं घेऊन आरटीओ कार्यालयात जाऊन विचारून आलो. तुम्हीही तसंच करा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. माल हौद्याबाहेर आला तर २०,००० रुपये दंड आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी चालू असताना खोलीत कुणीही बसायचं नाही. मालवाहू गाडी माणसं नेण्यासाठी नाही. केबिनमध्ये मावतील तेवढ्या जणी टेम्पोनं, बाकीच्या एसटीनं किंवा रेल्वेनं. एकदा उन्हात दमलेली एक वहिनी म्हणाली, "आत गादी आहे, पडते जरा." आम्ही ऐकलं नाही. ती रुसली, पण एसटीनंच गेली.

आतल्या आगीचंही सांगतो. खोलीत गॅसची शेगडी नाही, कोळशाची तर मुळीच नाही. थंडीच्या रात्री म्हशाला शेगडी आत घ्यायचा मोह होतो. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. स्वयंपाक बाहेर, सिलिंडर बाहेर. खोलीला समोरासमोर दोन जाळीच्या झडपा ठेवल्यात, त्या रात्रीही उघड्या असतात. दाराला आतून दोन कड्या आहेत. एका बाजूची मोठी झडप वर उचलली की सावली होते आणि खाली विक्रीचा कठडा. दिवसा दुकान, रात्री झडप खाली, कडी आतून.

खर्च किती आला? लोखंड, पत्रा, प्लायवूड, जॅक, मजुरी, रंग, वायरिंग आणि गादी धरून ६२,००० रुपये. गटाच्या बचतीतून निम्मे, बाकीचे अंतर्गत कर्जानं. पूर्वी टेम्पो तीन दिवस थांबायचा, त्याचं हॉल्टिंग द्यावं लागायचं. आता सोडायला एक खेप, आणायला एक खेप. टेम्पोवाले दादाही खूश, मधल्या दिवसांत त्यांना दुसरं भाडं मिळतं. गटाच्या मालमत्तेच्या यादीत खोली गटाच्या नावानं आहे. टेम्पो या दादांचा नसला तर दुसऱ्या दादांचा, फक्त आधी हौदा मोजायचा.

पावसाळ्यात तर ती आम्हाला जास्तच उपयोगी पडते. चार महिने अंगणात घोड्यांवर उभी असते, जमिनीपासून वर, कोरडी. सुकी मासळी त्यात राहते. गाडी घेतली असती तर ती पावसात हप्ता खात उभी राहिली असती.

सगळं गोड आहे असं नाही. उरणच्या खाऱ्या हवेनं लोखंड खातं. पहिल्या वर्षी वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग नीट लागला नव्हता, तिथून गंज सुरू झाला. आता दर पावसाळ्याआधी घासून लाल ऑक्साइड आणि वर रंग. दुसरं म्हणजे शौचालय. ते खोलीत बसवता आलं नाही. त्यासाठी आम्ही जागा ठरवण्याआधी आयोजकांना विचारतो, बायकांचं शौचालय किती लांब आहे, रात्री तिथं दिवा असतो का. उत्तर नीट मिळालं नाही तर त्या बाजाराला जात नाही. आणि झोपायला दोघींनाच नीट जागा होते. तिसरी आली तर अडचण होते, चौथीला पाठवतच नाही.

आधी सांगितलं की मुक्कामाला चौघीच तयार राहिल्या होत्या. आज आमच्या वहीत पाळीची यादी आहे, तिच्यात नऊ नावं आहेत. उरलेल्या दोघींपैकी एक बाळंतीण आहे आणि एकीला गाडी लागते. गेल्या म्हशाच्या जत्रेला दोन लहान मुलांची आई पहिल्यांदाच मुक्कामाला आली. तिच्या सासूबाई आदल्या दिवशी अंगणात येऊन खोली बघून गेल्या. आत शिरल्या, दोन्ही कड्या लावल्या, उघडल्या, पुन्हा लावल्या. दार ढकलून बघितलं. मग बाहेर येऊन सुनेला एवढंच म्हणाल्या, "जा. गोधडी माझी ने, तिथं थंडी असते."

मैत्रिणींनो, तुमचा धंदा वेगळा असेल. कुणाचे पापड असतील, कुणाची भाजी, कुणाची घोंगडी. खोली करण्याआधी एक काम करा. वर्षात किती रात्री बाहेर काढाव्या लागतात ते मोजा, आणि रात्रीच्या भीतीनं कुणाकुणाचं जाणं थांबलंय त्यांची नावं लिहा. रात्री दहा-बाराच असतील तर ६२,००० घालू नका, दोन गटांनी मिळून एक करा. रात्री जास्त असतील तर आमच्याकडे या. मोजपट्टी आणि वही घेऊन या, टेम्पो ज्यांचा त्या दादांनाही आणा. खोली अंगणातच आहे. मावशी मोजतील, तुम्ही जॅक फिरवून बघा.